औषधाच्या वासाचे करडू

मी एक जुनी शेळी आहे. म्हातारी म्हणू नका, शिंगे अजून शाबूत आहेत.

मित्रांनो, आत्मवृत्त जन्मापासून सांगायचे असते म्हणे. पण माझ्या जन्मात सांगण्यासारखे काही नाही. पडले, धडपडले, उभी राहिले, दूध प्यायले. शेळ्या अशाच जन्मतात. म्हणून माझा जन्म गाळते आणि दुसरीच्या जन्माकडे येते. आम्ही रवंथ करणारी जात. आधी गिळतो, मग जे वर येईल ते चावत बसतो.

आता वर आले आहे ते हे.

आमच्या गोठ्यापलीकडे, पांढऱ्या फरशीच्या खोलीत, थोरली नावाची शेळी होती. काही माणसांना जखम झाली की रक्त थांबतच नाही. त्यांच्यासाठीचे औषध थोरलीच्या दुधातून काढता येई. हा गुण तिला माणसांनी दिला होता, ती जन्मण्याच्या आधी, डोळ्यांना दिसणारही नाही एवढी असताना. पण थोरली थकली. गाभण राहीना. तेव्हा डॉक्टरबाईंनी तिच्या कानाच्या कातडीचा कण घेतला आणि त्यापासून हुबेहूब दुसरी थोरली घडवायची ठरवली. घडवायला पोट लागते.

ते पोट माझे.

"तू नुसती भाड्याची खोली गं," असे गोठा सांभाळणारे काका म्हणत आणि मक्याचे कणीस पुढे करत. मला राग येत नसे. भाडेकरू आतून लाथा मारी. खोलीला ते बरे वाटे.

माझ्याआधी किती शेळ्यांच्या पोटी हा प्रयोग फसला होता! काही गर्भ जिरले. काही पिल्ले श्वास न घेताच गेली. शेजारणी जड होऊन जात आणि रिकाम्या परत येत. मी सगळे पाहत होते, आणि मनाशी ठरवले होते. माझ्या पोटातले जगणार.

ती जन्मली. मी मान वळवली, चाटायला जीभ बाहेर काढली.

समोर काहीच नव्हते.

नियम होता. पिल्लू जन्मताच उचलायचे, औषधाच्या पाण्याने पुसायचे, काचेच्या खोलीत न्यायचे, बाटलीने दूध पाजायचे. नियम वाईट नव्हता, मित्रांनो. नाजूक जिवाला जंतू लागू नयेत म्हणून केला होता. पण आम्हा शेळ्यांचाही एक नियम आहे आणि तो तुमच्यापेक्षा जुना आहे. जन्मताच जिला चाटले, जिचा वास नाकात भरला, ती आपली. बाकीच्यांना शिंग.

भिंतीपलीकडून तिचा आवाज येई. आधी मोठा. मग बारीक. मग चिरका. ती बाटली तोंडात धरत नव्हती, आणि नळीने घातलेले दूध उलटून टाकत होती.

शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, नियम राहू दे बाजूला. तिला आईकडे देऊन बघू."

"कागदावर ही आई नाही हो, ताई. आई थोरली."

"कागदाला दूध येत नाही. आणा तिला."

काका हौसेने कामाला लागले. काचेच्या खोलीत येणारी प्रत्येक वस्तू धुवायची त्यांच्या हाताला सवय. आज त्यांनी बाहेर जाणारे करडूही औषधाच्या पाण्याने धुतले. कसर नको म्हणून कानांमागे, खुरांच्या फटीतसुद्धा. बाईंनी पाहिले आणि मान डोलावली. दोघांनाही वाटले, फार चांगले केले.

तिला माझ्या पुढ्यात ठेवले. मी हुंगले.

फरशी. हातमोजे. बाटलीचे रबर.

करडू नाही.

आणि माझ्या शिंगांनी, मला न विचारता, तिला उडवले.

"अगं बाई!" बाईंनी तिला झटकन उचलले.

"मला वाटलंच होतं," काका म्हणाले.

"वाटलं होतं तर बोलायचं! धुतलंत मात्र छान."

"आणि मान कुणी डोलावली?"

बाई हळूच म्हणाल्या, "आपणच तिचा वास घालवला, काका. चला. इथे ठेवली तर मारून टाकेल ही तिला."

त्या दाराशी पोचल्या आणि ती ओरडली. तोच चिरका आवाज, भिंतीपलीकडचा. वास परका, आवाज आपला! नाक एक सांगत होते, कान दुसरेच. मी दोरीला हिसडा दिला. खुंटी उपटून हाताभर लांब पडली.

"ताई, दार लावा! धावून येतेय!"

बाईंनी करडू खांद्याशी उंच धरले. त्यांना वाटले, मी मारायलाच आले. माझ्याजवळ सांगायला एक "बें" तेवढे होते, आणि शिंगे खाली घातलेल्या शेळीचे बें कोण ऐकून घेतो?

मग मी शेळीला सगळ्यांत अवघड जाते ते केले. थांबले. मान वर केली, चारही पाय रोवले आणि हलले नाही. ती पुन्हा ओरडली. माझी कास तटतटली आणि दूध आपोआप फरशीवर ठिबकू लागले.

"थांबा, काका." बाईंचा हात दारावरच राहिला. "पान्हा फुटलाय तिला."

"आणि पुन्हा शिंग मारलं तर?"

"तर मी आहे ना मध्ये."

त्यांनी तिला खाली ठेवले. नाक म्हणाले, मार. मी पाय आणखी रोवले आणि चाटले.

कडू! जीभ जळाली. कपाळ चाटले. कान चाटले. कानांमागे तर काकांनी जास्तच मेहनत घेतली होती. ओकारी येई, ती गिळून मी पुन्हा चाटत होते. ते पाहून बाईंनी साध्या कोमट पाण्यात फडके भिजवले आणि दुसऱ्या बाजूने पुसायला घेतले. एका अंगाने त्या, एका अंगाने मी. शेवटी मानेखाली, औषधाच्या थराखाली, एक लहानसा उबदार वास सापडला. तो थोरलीचा नव्हता. माझाही नव्हता. तिचा स्वतःचा होता.

ती लटपटत उठली. पडली. उठली. तिने माझ्या पोटाला दोनदा डोके मारले आणि आचळ धरले. शेपूट भिरभिरू लागले.

"पितेय हो, ताई! दणकून पितेय!"

बाई तिथेच खाली बसल्या, सांडलेल्या दुधात.

ती जगली. तिचे गुडघे थोडे अधू राहिले, थंडीत ती लंगडते. घडवलेल्या जिवाला अशी काही किंमत मोजावी लागते. पण तिच्या दुधातून औषध निघते. मोठमोठी माणसे तिला पाहायला येतात आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहतात. माझे दूध साधे होते. आता तेही आटले, जीभ तेवढी शाबूत आहे.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकीही कुणी असे जीव घडवील. जरूर घडवा, त्या औषधाची वाट पाहणारी माणसे आहेत. पण जीव जन्माला आला की आपले काम संपले असे समजू नका. तो स्वच्छ ठेवा, मात्र त्याला कुणी ओळखणारच नाही इतका धुऊ नका. आणि वास परका वाटला म्हणून लगेच शिंगही उगारू नका.

पुरे करते. दाराशी बाई आल्या आहेत. त्यांच्या हातांत कुणाचे तरी नवे करडू आहे, बाटली न धरणारे. औषधाचा वास इथवर येतो आहे. नाक म्हणते, नको.

मी उठून उभी राहिले आहे.