बंद सभागृहासमोर

मृणाली रत्नागिरीतल्या एका खासगी रुग्णालयात आहारतज्ज्ञ होती. महिन्यातून एका रविवारी ती एका संस्थेतर्फे जयगडजवळच्या एका गावाच्या सभागृहात विनामोबदला आहार सल्ला द्यायला जायची. पहिल्या दोन खेपांना बायका हसूनखेळून आल्या. तिसऱ्या खेपेला बाबू आला आणि सगळं फिसकटलं.

बाबू बंदरावर ट्रेलर चालवायचा. पायांना सूज, चेहराही फुगलेला.

"जेवणाऐवजी काही घेता का?" तिनं विचारलं.

"पावडर. दोन टायमाला. मेव्हण्यानं दिलीन. वजन उतरलंय बघा."

"ती आजपासून बंद करा. उद्याच रक्त तपासा, किडनीचं. ही सूज मला बरी वाटत नाही."

मेव्हणा दीपक दारातच उभा होता. वजन उतरवायच्या प्रोटीन पावडरीचे डबे गावात तोच विकायचा. तो आत आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "बाय, तुमी डॉक्टर हाव काय?"

"नाही. म्हणूनच डॉक्टरांकडे जायला सांगतेय."

"आमचा काय ता आमी बघू. माझ्या धंद्यावर उठू नको."

बाबूची बायको जनी भावाच्या बाजूनं उभी राहिली. तिनं नवऱ्याचा दंड धरून त्याला उठवलं आणि बाहेर नेलं. जाताना बाबूनं एकदा मागं पाहिलं.

दोनच आठवड्यांत बाबू मृणालीच्याच रुग्णालयात आला. धाप लागलेली, लघवी जवळजवळ बंद. डॉक्टर म्हणाले, किडन्या आधीपासूनच खराब असणार, बीपीचं दुखणं कुणी पाहिलंच नाही, त्यात पावडरीचा भार. डायलिसिस सुरू झालं.

मृणाली वॉर्डात गेली तेव्हा जनी नवऱ्याच्या तोंडाला शहाळं लावत होती. मृणालीनं ते हातातून काढून घेतलं.

"हे देऊ नका. याच्यातलं पोटॅशियम यांची किडनी बाहेर टाकू शकत नाही. हृदय बंद पडू शकतं."

जनी ताडकन उठली. "तूच अभद्र बोललीस त्या दिवशी. माझ्या भावाला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नायस. आता मरत्या माणसाच्या तोंडचं पाणी काढतेस?"

शेजारच्या खाटांवरची माणसं बघायला लागली. मृणालीला ओरडावंसं वाटलं, की वेळेवर ऐकलं असतंत तर. ती ओरडली नाही. काय चालेल, काय नाही, एवढंच तिनं सांगितलं: सुकट नाही, पापड-लोणचं नाही, भाजी उकडून पाणी ओतून टाकायची. जनी भिंतीकडे तोंड करून बसली होती. बाबूनं मात्र डोळे मिटूनच मान हलवली.

"आमच्या गावात पुना पाय ठेवू नको," जनी शेवटी म्हणाली.

ठरल्या रविवारी मृणाली गेली. सभागृहाला कुलूप होतं. दीपक पायरीवर बसला होता.

"चावी हरवली," तो म्हणाला. "पुढल्या वेळेलाही हरवलेलीच असंल."

तिनं वजनकाटा रस्त्याकडेच्या गडग्यापाशी, चिऱ्याच्या बुटक्या कुंपणापाशी ठेवला आणि सावलीत बसली. बायका समोरून गेल्या. एकीनंही ओळख दिली नाही. ऊन वाढत गेलं. उठून जावं, असं तिच्या मनात अनेकदा आलं.

मग जनी आली. भावाकडे तिनं पाहिलंही नाही. पिशवीतून डबा काढून तिनं मृणालीसमोर उघडा धरला. आत भात, उकडलेला दुधी, अंड्याचा पांढरा भाग, आणि कडेला कैरीचं लोणचं.

"आज डायलिसिस हाय, दवाखान्यात त्यांना डबा न्यायचाय. चालेल?"

"लोणचं काढा. बाकी बरोबर आहे."

"जने, घरी चल," दीपक म्हणाला.

जनीनं लोणच्याची फोड बोटानं उचलून गडग्यापलीकडे टाकली. डबा बंद केला.

"तुझ्यावर माझा राग हाय तो हायच," ती मृणालीला म्हणाली, आणि एसटीच्या थांब्याकडे चालू लागली.