आठव्या रॉकेटचा शेंडा

शांबा मेस्त्रींनी माझ्या रॉकेटचा शेंडा लेथवर कातायला घेतला आणि त्यांचं दुकान गोल झालं. आधी कोपरे गेले. मग भिंतीवरचं कॅलेंडर भिंतीबरोबर वाकलं. माझं स्टूल कशालाच टेकेना, म्हणून मी ते मधोमध ओढून घेतलं.

चूक माझीच होती. मी मिरजेत भूगोल शिकवते आणि शाळेतल्या मुलींना घेऊन पुठ्ठ्याच्या नळीची रॉकेटं उडवते. सात उडवली. सातही वेळा प्लॅस्टिकचा तयार शेंडा नळीत इतका घट्ट बसला, की वर गेल्यावर तो सुटलाच नाही, आतली पॅराशूटची छत्री उघडली नाही आणि रॉकेट शेंडा खाली करून जमिनीत घुसलं. "बाई, परत भाला!" असं मुली ओरडतात. या वेळी मी हट्टाला पेटले. बाल्साच्या हलक्या लाकडाचा एक ठोकळा मिळवला, वजनाला जेमतेम पापडाएवढा, आणि थेट सावंतवाडी गाठली. मेस्त्री लाकडी खेळणी कातण्यात पक्के. मापं मिलिमीटरमध्ये लिहून नेली होती. नळी मात्र घरी जेवणाच्या टेबलावर राहिली.

"नळी खंय?" मेस्त्रींनी विचारलं.

"माप आणलंय ना."

"मापात शेंडो बसणा नाय, बाय. नळयेत बसता." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "आता जां आसा, तेकाच बसवतंय."

यंत्र फिरायला लागलं. साली उडत होत्या आणि ठोकळा कातावा तसा मोठा होत होता. दुकान मात्र आकसत होतं आणि उंच होत होतं. कौलं वर जाता जाता दिसेनाशी झाली, तिथे आभाळाचा निळा गोल राहिला. खरं सांगते, मला आनंदानं बसवेना. शेंड्याचं आणि दुकानाचं माप आता जुळणार, मग जुळणार, म्हणून मी नखं खात उभी होते. असलं काम मिरजेत कोण करून देणार?

शेंडा माझ्यापेक्षा उंच झाला तेव्हा मेस्त्रींनी तो काखोटीला मारला आणि ते बाहेर गेले. त्यांच्यामागे दार भिंतीत मुरलं.

"बाय, रंग खयचो मारू?" बाहेरून द्रौपदीवयनींचा आवाज आला. त्या मेस्त्रींच्या पत्नी, खेळणी रंगवायचं काम त्यांचं.

"तांबडा! वर पिवळे पट्टे!"

कुंचला भिंतीवरून गोल गोल फिरत वर गेला. दुकानात आता मला हात पसरता येत नव्हते. पर्समधून आणलेली रॉकेटची छत्री मोठी होऊन गळ्यापर्यंत आली होती. घड्या चिकटू नयेत म्हणून मी तिला पावडर लावली, नीट घड्या घातल्या, दोऱ्या मोकळ्या केल्या. या कामात माझा हात धरणारा कोणी नाही.

मग वरून शेंडा उतरला. निळा गोल बारीक झाला, कडेनं एक रेघ उरली, तीही गेली. खांद्यांना भिंत लागली. छत्रीच्या टोकाची दोरी मी शेंड्याला बांधली.

"आतसून ढकलून बघ," मेस्त्री म्हणाले. "हलता?"

मी ढकललं. "नाही हलत."

"मगे बरो बसलो."

"अहो, इतका घट्ट नको! छत्री कशी उघडणार?"

"हंयची हवा दमट, लाकूड फुगलला आसा. वर गेल्यार सुकतला. सुकला काय शेंडो सैल."

म्हणणं बरोबर होतं. मला ते सुचायला हवं होतं. पायाखाली काहीतरी फुसफुसायला लागलं आणि तळवे गरम झाले. आठवं माझं, आणि हे जाणार, कुठल्या कुठे जाणार! मला हसू आवरेना.

"मेस्त्री, सुकायला किती वेळ लागतो?"

मेस्त्रींचं उत्तर ऐकू आलं नाही. वयनी मोठ्यानं आकडे मोजत होत्या, उलटे, आणि तीनवर आल्या होत्या. मी दोन्ही तळहात वर लाकडाला लावले. ते चांगलं ओलं होतं.