लाहीपुढे मोठा फ्लॅश

माझा जावई पोपट रोह्यात लग्नाचे फोटो काढतो. वीस वर्षांत त्याने एकच विद्या कमावली: लाईट जेवढी मोठी, तेवढा फोटोग्राफर मोठा. मांडवात त्याची लाईट लागली की नवरी डोळे मिटते, भटजी मंत्र चुकतो, आणि पोपटला वाटतं, काम झकास चाललंय.

त्याची मुलगी सरू माझ्याकडे पेणला, रामवाडीत आली ती एका फोटोसाठी. तिला मुंबईच्या फोटोग्राफीच्या कॉलेजात जायचं होतं. त्यांची अट अशी, की डोळ्याला पकडता येत नाही अशा गोष्टीचा, घरीच काढलेला एक फोटो सोमवारपर्यंत पाठवायचा. पसंत पडला तर कॉलेज. नाही तर जन्मभर बापाच्या मागे मांडवात लाईट धरून उभं राहायचं.

सरूने लाही निवडली. मी चाळीस वर्षं भाताच्या लाह्या फोडते. तापल्या वाळूत भात पडतं आणि लाही होऊन उडतं. मधलं काय होतं ते मीही कधी पाहिलेलं नाही.

शनिवारी सकाळी पोपट टेम्पो घेऊन हजर. टेम्पोत घमेल्याएवढे दोन फ्लॅश, स्टँड, वर पांढरी छत्री.

"आई, खास या कामासाठी आणलेत. यांच्यापुढं सूर्य फिका."

"माझी भट्टीची खोली सूर्याच्या मापाची नाय, जावई," मी म्हटलं.

तरी त्याने सगळं आत कोंबलं. सरूच्या पिशवीत कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसतो तसला बारका फ्लॅश होता. तो पोपटने बाजूला सारला. "वाढदिवसाचं खेळणं हाय ते."

खिडक्यांना बारदानं लावून अंधार केला. मी भात टाकलं. लखकन उजेड पडला, माझ्या डोळ्यांपुढे काजवे नाचले. कॅमेऱ्यात पाहिलं तर लाह्या कुठल्या! पिंजलेल्या कापसाच्या शेपट्या नुसत्या. दुपारपर्यंत तेच.

"लाह्या हलतात, आई."

"मग त्यांना सांगा की जरा थांबा म्हणून. नवरीला सांगता तसं."

"लाईट कमी पडतेय," पोपट म्हणाला. "पनवेलला याहून मोठी मिळते. उद्या आणतो."

"बाबा, परवा सोमवार हाय," सरू म्हणाली. पोपट त्या वेळी छत्री घडी करत होता. त्याला ऐकू गेलं नाही.

तो गेल्यावर मी खोकी आवरायला घेतली. मी पन्नाशीत अक्षरं शिकले. त्यामुळे छापलेला कागद वाचल्याशिवाय माझ्याने टाकवत नाही. मोठ्या फ्लॅशचा कागद प्लास्टिकमध्ये तसाच बंद होता. शिकलेल्या जावयाने तो उघडलाही नव्हता. बारक्याचाही कागद काढला. अक्षरं इंग्रजी, पण आकडे मला गॅसच्या पावत्यांनी शिकवलेत. मोठ्याच्या कागदावर एकाखाली आठशे. बारक्याच्या कागदावर आकड्यांची उतरती रांग, आणि शेवटी एकाखाली वीस हजार.

"हे काय गो, सरू?"

तिने दोन्ही कागद माझ्या हातून ओढून घेतले. "आजी, उजेड किती वेळ टिकतो त्याचे आकडे हायत हे. सेकंदाचा वीस हजारावा भाग! जोर सगळ्यात कमी ठेवला की हा एवढाच वेळ पेटतो."

"आणि बापाचा सूर्य?"

"तो विझेपर्यंत लाही सरकते."

"मग दिवसभर आपण काय करत होतो?"

ती हसली. त्या दिवसात पहिल्यांदा.

रविवारी पोपट पनवेलला गेला, हे बरंच झालं. सरूने बारका फ्लॅश अगदी कमी जोरावर ठेवला. उजेड एवढासाच, म्हणून तो कढईपासून वीतभर अंतरावर आणला. ती एकेक दाणा टाकायला लागली तेव्हा मी तिचा हात धरला. "एकाची वाट बघत बसलीस तर म्हातारी होशील. मूठभर टाक. आधी दोनतीन सुटे फुटतात, मग सगळे एकदम उठतात. ते मला आवाजावरून कळतं. मी सांगीन तेव्हा फ्लॅशचं बटण दाब."

अंधारात ती कॅमेऱ्याचा डोळा उघडा ठेवायची, मी कान लावायचे. "आत्ता!" कितीदा चुकलो ते विचारू नका. अर्धं भात भट्टीत गेलं. आणि मग एक फोटो आला. टरफल दोन बाजूंना फाकलेलं, पोटातून पांढरी लाही अर्धी बाहेर, भोवती वाळूचे कण जागच्या जागी थांबलेले. लाही टोकाला फुटते असं मी चाळीस वर्षं सगळ्यांना सांगत होते. फुटते ती पोटात.

संध्याकाळी तिने फोटो पाठवला. पोपट रात्री आणखी मोठी लाईट घेऊन आला, तेव्हा आम्ही लाह्या खात होतो.

सरूची निवड झाली. पोपट रोहाभर सांगतो, "फोटो माझ्या लाईटवर काढला." सांगू दे. त्याचा एक स्टँड माझ्याकडे राहिलाय, त्यावर बारदानं चांगली वाळतात. आणि मांडवात त्याचा तो नवा सूर्य धरायला आता कोणी नाही. परवा गडब गावच्या एका लग्नात स्वतःच धरून उभा होता, म्हणतात. एका हातात लाईट, एका हातात कॅमेरा, आणि नवरीचे डोळे मिटलेले.