पाणी जातं कुठे

घरात पाणी शिरलं की माणसं एकच विचारतात, हे मेलं आलं कुठून? जातं कुठे, हे कोणी विचारत नाही. गेलं ना, सुटलो, असं म्हणून फडकी पिळतात आणि कामाला लागतात. रंगारणीचं तसं नव्हतं. तिला लहानपणापासून नसत्या उठाठेवी फार. शेजारचं कुत्रं रोज दुपारी जातं कुठे, पडदा एकाच बाजूनं का विटतो, बंद पडलेलं घड्याळ मध्येच एकदा टिकटिक का करतं, सगळं बाईंना कळायला हवं. नवरा तिला ‘चौकशी खातं’ म्हणायचा, आणि तेही दरवेळी लाडानं नाही.

विटलेले पडदे, चादरी, शाळेचे गणवेश असं काय काय ती रंगवून द्यायची. पुढच्या खोलीत मोठी पातेली, रंगाचे डबे, वाळत घालायच्या दोऱ्या. स्वयंपाकघर मागे. आणि उजव्या अंगाला जी भिंत, तिच्या पलीकडे थोरल्या जाऊबाईंचं घर. मुळात घर एकच होतं. सासरे गेल्यावर मध्ये भिंत घातली, भांडीकुंडी वाटली, माळे वाटले, अंगणात दोरी धरून तेही वाटलं. वाटणी अगदी काटेकोर झाली म्हणून दोघे भाऊ तेव्हा स्वतःवरच खूश होते.

त्यानंतर मोठ्या दिरानं आपलं अंगण भरून घेतलं, वर सिमेंट ओतलं, आणि उतार दिला तो नेमका धाकट्याच्या दाराकडे. मुद्दाम दिला की गवंड्यानं डोळे मिटून दिला, देव जाणे. पुढच्याच पावसाळ्यात पाणी रंगारणीच्या उंबऱ्यावरून आत आलं आणि भावाभावांचं बोलणं बंद झालं. जावांचं आपोआपच. खरं तर दोघींचं कधी भांडण झालंच नव्हतं. उलट थोरली शिवायची आणि धाकटी रंगवायची. गिऱ्हाईक एकीकडून उठून दुसरीकडे जायचं. रंगाचं पहिलं मोठं पातेलं थोरलीनंच आणून दिलं होतं. पण नवऱ्यांनी अबोला धरला की बायकांनीही तो धरायचा, हा कुठला न्याय कोण जाणे. दोघींनी तो पाळला एवढं खरं. आता थोरली रंगारणीला भिंतीतूनच काय ती भेटायची. शिलाई मशीनचा आवाज यायचा, आणि पावसाच्या दिवसांत तोही बंद असायचा. काम पाठवायचं बंद केलंय, आता हात चालवायलाही नको वाटत असेल बाईसाहेबांना, असं म्हणून रंगारीण मनातल्या मनात चडफडायची. मग तिलाच वाईट वाटायचं.

त्या सकाळी पावसानं असा काही जोर धरला होता की समोरचं घरसुद्धा दिसेना. नवरा बसच्या डेपोत मेकॅनिक. रस्त्यांत पाणी भरलं की बसगाड्या जागोजागी बंद पडतात, म्हणून असल्याच दिवशी त्याला हटकून बोलावणं यायचं. निघताना त्यानं गॅसचा सिलेंडर टेबलावर चढवला, गाद्या माळ्यावर टाकल्या आणि दारात उभं राहून सांगितलं की वकील नोटीस तयार करतोय, फक्त पुरावा हवाय. पाणी त्यांच्याच अंगणातून आपल्यात येतं हे फोटोत दिसलं पाहिजे. आज मोका आहे, तेवढं कर.

रंगारीण हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार? पाणी त्यांच्याकडून येत होतं हे खोटं नव्हतं. पण एकदा कोर्टाचा कागद त्या दारात गेला की आपला पाय त्या दारात पुन्हा पडायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि तसं व्हायला तिला नको होतं. दोन पावसाळे तिनं ही आशा जपली होती की कधीतरी काहीतरी निमित्त होईल आणि थोरली हाक मारेल. नोटीस गेली की संपलंच सगळं.

थोड्याच वेळात पाणी आलं. आधी उंबऱ्याशी घुटमळलं, मग ओळखीच्या पाहुण्यासारखं सरळ आत. रंगारणीनं फोन काढला, एक फोटो घेतला, आणि तिची तीच वैतागली. गढूळ पाण्यावर गढूळ पाणी. कुठलं कुठून येतंय, वकिलाच्या बापालाही कळणार नाही. मग तिला सुचलं ते रंगारणीलाच सुचावं. माळ्यावरून तिनं राणी रंगाचा डबा काढला. हा रंग म्हणजे एक नंबरचा चिवट. एकदा लागला की धुता धुता कापड झिजेल, पण रंग ढळायचा नाही. तिनं बादलीभर कालवला, भिजत अंगणाच्या हद्दीपाशी गेली आणि हात लांबवून थोरलीच्या सिमेंटवर बादली पालथी केली.

काय दिसलं म्हणता! राणी रंगाचा पट्टा उतारावरून झरझर आला, उंबरा चढला आणि पुढच्या खोलीत पसरला. तिनं फोटो घेतला. एकदम स्वच्छ पुरावा, आंधळ्यालाही दिसेल असा. काम फत्ते. इथं दुसरी कुणीही बाई फोन ठेवून चहा टाकायला गेली असती.

पण रंग थांबला नव्हता. तो पातेल्यांना वळसे घालत पुढे सरकला, दाराखालून स्वयंपाकघरात गेला आणि कोपऱ्यातल्या पाइपाच्या तोंडाशी गरगरत आत ओढला जाऊ लागला. हा पाइप म्हणजे नवऱ्याची करामत. पाणी पहिल्यांदा भरलं तेव्हा त्यानं जमिनीलगत भिंत फोडून तो बसवला होता आणि सासऱ्यांच्या वेळच्या जुन्या भूमिगत नळीला जोडून दिला होता. तेव्हापासून आळीतल्या सगळ्या घरांत पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत तुंबून राहायचं, पण ह्यांच्याकडे कधी घोट्याच्या वर जायचं नाही. नवरा चारचौघांत ते मिरवायचा. रंगारीणही मिरवायची, खोटं कशाला बोला.

ती तिथंच उकिडवी बसून बघत राहिली. गुडगुड, गुडगुड. सगळा राणी रंग त्या तोंडात गडप. आणि एवढी चौकस बाई, पण दोन वर्षांत हे तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं, ह्याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. हे जातं कुठे?

मागच्या गल्लीतल्या गटारात, आणखी कुठे. ती पदर खोचून मागच्या दारानं बाहेर पडली आणि पावसात गटारापाशी जाऊन उभी राहिली. गटार खोल होतं, जोरात वाहत होतं, आणि चहाच्या रंगाचं होतं. राणीचा टिपूस नाही. वेळ लागत असेल, म्हणून ती थांबली. समोरच्या खिडकीतून कोणीतरी विचारलं, काय पडलं का गटारात? ती म्हणाली, नाही, काहीतरी यायचंय. समोरच्यानं खिडकी लावून घेतली.

काहीच आलं नाही. ती घरात गेली, उरलेला अख्खा डबा पाइपाच्या तोंडाशी रिकामा केला आणि धावत पुन्हा मागे. गटार चहाचं ते चहाचंच. आता मात्र तिचं डोकं भणभणलं. एवढं पाणी गिळून ती नळी काय जमिनीत बिऱ्हाड करून राहिली? ती परत आली, पाइपाच्या कोपऱ्यात बसली आणि कान भिंतीला लावला.

भिंतीपलीकडे कोणीतरी तांब्यानं पाणी उपसत होतं. तांब्या बादलीत रिता होत होता, मग पुन्हा फरशीवर घासल्याचा आवाज, पुन्हा बादली. एकसारखं, न थांबता, मशीन चालावं तसं.

रंगारीण उठली. दोन पावसाळे जे जमलं नाही ते पायांनी आपसूक केलं. ती थोरलीच्या दारात जाऊन कडी वाजवत होती. तेव्हाही तिला वाटत होतं ते एवढंच की बघून तर येऊ. दार अर्धवट उघडलं. थोरलीनं तिला पाहिलं आणि दार तसंच धरून ठेवलं, आत कोणी बघू नये असं. रंगारणीची नजर खाली गेली. थोरलीचे दोन्ही पाय घोट्याच्या वरपर्यंत राणी रंगाचे झाले होते.

ती दार ढकलून आत घुसली. पुढची खोली कोरडी होती, अंगणाबरोबर तिथंही भर घालून ती उंच केली होती. पण मागची, जिथं पूर्वी सगळ्या घराची भांडी घासायची मोरी होती, ती खोली जुन्या पातळीवरच राहिली होती. मोरीच्या भोकातून राणी रंगाचं पाणी उकळल्यासारखं वर येत होतं. शिलाई मशीन विटांच्या थरांवर चढवलेलं होतं, इतकं उंच की पायडल मारायला माणूस हवेत बसायला हवा. पलंगाच्या पायांखाली विटा. भिंतीवर ओल, आणि ओलीच्या रेघा एकीवर एक, ह्याच वर्षाच्या नव्हेत.

रंगारणीला सगळं एका दमात कळलं. भिंत वाटली, माळे वाटले, अंगण वाटलं. जमिनीखालची नळी वाटायची राहूनच गेली. ती पहिल्यापासून ह्या मोरीतून पुढं मागच्या गटारात जायची. अंगणाचं काम झालं तेव्हा गवंड्याचा राडारोडा गटाराकडच्या तोंडात बसला असणार. म्हणजे थोरलीच्या अंगणातलं पाणी धाकटीच्या घरातून फिरून थोरलीच्याच मागच्या खोलीत. आणि आपण आळीभर मिरवत होतो, आमच्याकडे बघा कसं भर्रकन जातं.

“ताई, तुम्ही सांगितलं का नाही?”

थोरली पुन्हा वाकून तांब्या भरू लागली. “मला वाटलं, तुम्ही मुद्दाम सोडता.”

“अहो, असं कसं वाटलं तुम्हाला?”

“अंगणाची चूक आमची होती. म्हटलं, त्याचा राग काढताय. ह्यांना कळलं असतं तर भावाभावांनी एकमेकांची डोकी फोडली असती. हे ट्रक घेऊन आठवडाभर बाहेर. ते यायच्या आत मी खोली पुसून काढते.” मग थोडं थांबून ती म्हणाली, “तुझा राग मात्र आला होता गं मला. खूप आला होता.”

रंगारणीला रडू आलं, आणि तिनं ते अडवलं नाही. मग नाक पुसून तिनं फोन काढला, त्या खोलीचा एक फोटो घेतला आणि तशीच घरी निघाली. थोरली बघतच राहिली. हिच्या डोक्यात काय चाललंय हे तिला आधीही कधी कळलं नव्हतं.

घरी येऊन रंगारणीनं जुन्या चिंध्यांचा बोळा केला, पाइपाच्या तोंडात ठासला आणि त्याच्यापुढे दगडांनी भरलेलं पातेलं सरकवून ठेवलं. गुडगुड बंद झाली. तिच्या स्वयंपाकघरातलं पाणी घोट्याला आलं, घोट्याच्या वर आलं, पोटऱ्यांना लागलं. दोन वर्षांत इतकं कधी चढलं नव्हतं. खालच्या फळीवर एका गिऱ्हाइकाचे पांढरे पडदे होते, तेही राणी झाले. ती ते हातात घेऊन बघत राहिली, रंग एकसारखा बसला होता. मग तिनं भिंतीवर थाप मारली आणि ओरडून सांगितलं की उपसणं सोडा आणि इकडे या.

दुपारी नवरा परतला तेव्हा पाऊस ओसरला होता, पण घरात पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं. रंगाच्या टेबलावर दोन बायका पाय सोडून चहा पीत बसल्या होत्या. त्यातली एक आपली बायको आहे हे त्याला समजलं. दुसरीला पाहून तो दारातच अडला. त्यानं पाइपाच्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि बायकोला विचारलं, पाणी जात का नाही?

“जात होतं,” ती म्हणाली. “ताईंच्या घरात जात होतं. आजपासून आपल्यात राहील.”

त्याला कळेना. मग दोघींचे चारही पाय सारखेच रंगलेले त्यानं पाहिले. बायकोनं फोन पुढे केला. आधी उंबऱ्याचा फोटो होता. मग त्या खोलीचा, विटांचा, मशीनचा, मोरीचा.

“वकिलाला द्यायचे तर दोन्ही द्या,” ती म्हणाली. “एकच दिला, तर मी स्वतः जाऊन दुसरा देईन.”

तो बराच वेळ दुसरा फोटो बघत होता. पाइप त्यानं स्वतःच्या हातांनी बसवला होता, त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. कानशिलं लाल झालेली दिसत होती. फोन त्यानं खिशात टाकला, बायकोचा होता तरी. मग पँट दुमडली, घसा खाकरला आणि भिंतीकडे बघत म्हणाला, “वहिनी, आपली पहार कुठे आहे?”

“दारामागं, भाऊजी,” थोरली म्हणाली. “होती तिथंच.”

पहार घेऊन तो थोरलीच्या मागच्या खोलीत गेला, आणि नळीच्या पुढच्या तोंडातून दगड फुटल्याचे आवाज यायला लागले. रंगारीण टेबलावरून उतरली. ती कुठे निघाली हे सांगायला नकोच. ती मागच्या गल्लीत गटारापाशी जाऊन उभी राहिली, आणि ह्या वेळी थोरलीही तिच्या शेजारी येऊन वाकली. समोरची खिडकी पुन्हा उघडली, पण ह्या खेपेला कोणी काही विचारलं नाही. गटार वाहत होतं, चहासारखं, मातकट. मग काठालगत एक बारीक धार आली आणि बघता बघता रुंद झाली.

थोरलीनं रंगारणीचा दंड घट्ट धरला. “आलं बघ,” ती म्हणाली. तिला आता मशीन खाली उतरवून घ्यायचं होतं, पण रंग पुढच्या वळणाला दिसेनासा होईपर्यंत दोघी तिथून हलल्या नाहीत.