तुमिजानने दुरुस्त केलेला चोक

ऑगस्टात जावा बेटावरच्या दिएंगच्या पठारावर पहाटे बटाट्याच्या पाल्यावर बर्फ धरतं, आणि गारठलेलं इंजिन सुरू करून देणारा मोटरसायकलचा चोक माणसाच्या गुडघ्याइतका महत्त्वाचा होऊन बसतो. पार्योतोच्या गाडीचा नेमका तेव्हाच अडकला. खटका ओढावा तर जागचा हलेना.

एरवी त्याने थंडी सरेपर्यंत वाट पाहिली असती. पण शुक्रवारी सकाळी सातला खाली वोनोसोबोहून बस सुटणार होती आणि तिच्यात त्याची मुलगी विनार्सिह बसणार होती. तैवानला, परक्या म्हाताऱ्यांची उस्तवार करायला, तीन वर्षांसाठी. दोन महिन्यांपूर्वी जेवताना पार्योतो तिला म्हणाला होता, "जायचं तर जा. परत येऊ नकोस." तिने आपलं ताट धुतलं आणि खाली मावशीकडे राहायला गेली. ते वाक्य त्याला परत घ्यायचं होतं. गावात फोन एकच, सरपंचाच्या ओसरीवर. तिथे काही परत घेणं म्हणजे ते पुन्हा एकदा जाहीर करणं.

बुधवारी त्याने गाडी गावातल्या मेकॅनिककडे, तुमिजानकडे नेली.

"घाई नाही ना, कांग?" तुमिजानने विचारलं. कांग म्हणजे दादा.

"छे, छे. सवडीने करा, कांग. शुक्रवारपर्यंत झालं तर बरं."

तुमिजानने कार्बोरेटरवर रॉकेल सोडलं, चहा पाजला, मग खटक्याला पक्कड लावली. 'कट' असा बारीक आवाज झाला. दोघांनीही तो ऐकला. तुमिजान हवेबद्दल बोलू लागला. पार्योतोनेही हवेबद्दलच उत्तर दिलं, कारण समोरच्याच्या हातून मोडलेल्या वस्तूकडे बघणं हे आपल्याकडे ती मोडण्यापेक्षा वाईट समजतात.

गुरुवारी संध्याकाळी गाडी मिळाली. खटका जागेवर होता. त्याच्या बुडाशी डिंकाचा पिवळा थेंब वाळलेला.

"जरा जपून ओढा," तुमिजान म्हणाला.

"नवा वाटतोय," पार्योतो म्हणाला.

शुक्रवारी साडेपाचला त्याने कानटोपी घातली, मुलीला आवडणाऱ्या कारिकाच्या, म्हणजे डोंगरी पपईच्या, मुरंब्याची बाटली जाकिटात ठेवली आणि खटका जपून ओढला. तो हातात आला. हवा अडवणारी आतली झडप उघडी ती उघडीच राहिली. त्याने पन्नास किका मारल्या, मग मोजणं सोडलं. शेवटी गाडी रस्त्यावर ढकलत आणली. वोनोसोबोपर्यंत बहुतेक उतारच आहे. बंद गाडीवर बसून, ब्रेक दाबत, तो निघाला. मध्ये गाडी सुरू होते का म्हणून गिअर टाकून पाहिला, तर ओल्या रस्त्यावर मागचं चाक घसरलं. चढ लागला की उतरून ढकलायची. एका चढावर कोबीवाल्या बायका म्हणाल्या, "काका, गाडी फिरायला काढलीत वाटतं!" तोही हसला. हसायला थांबावं लागलं.

तो पोचला तेव्हा सात वाजून वीस मिनिटं झाली होती. थांब्यावर त्याची मेव्हणी एकटी उभी.

"भाओजी, वाट बघून बघून गेली. ड्रायव्हरला दोनदा थांबवलं तिने."

"काही म्हणाली?"

"म्हणाली, बाबा येणार नाहीतच. तसं सांगूनच ठेवलंय त्यांनी."

बाटली मेव्हणीच्या हातात देऊन पार्योतो परत फिरला. खाली ऊन होतं. गाडी पहिल्या किकला सुरू झाली.

दुपारी तुमिजान दुकानाच्या दारातच उभा होता. बहुधा सकाळपासून.

"चोक कसा चालला, कांग?"

"उत्तम."

"पोरगी भेटली?"

"भेटली."

तुमिजानची नजर खटका असायच्या जागेवर गेली आणि तिथून डोंगरावर. त्याने चहा ओतला, साखर जरा जास्तच घातली.

"थंडी फार असली," तो पेल्याकडे बघत म्हणाला, "तर काही लोक म्हणे फिल्टर काढतात आणि कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात धरतात. तेवढाच चोक होतो. दुसऱ्या किकला गाडी सुरू."

"असं होय?" पार्योतो म्हणाला. "बरं झालं सांगितलंत."

त्याने चहा संपवला. फार गोड होता. चांगला झालाय म्हणाला.