चंद्री कुणाच्या हातचं खाईना

"खाली बसा. उभ्यानं दिलेलं ती घेत नाही," मालन म्हणाली.

पोस्टमास्तर धोतर सावरत अंगणात उकिडवे बसले आणि भाकरीचा तुकडा त्यांनी कुत्रीपुढे धरला. चंद्रीने तुकड्याकडे पाहिलं, मग पोस्टमास्तरांकडे, आणि मान वळवून ती भिंतीच्या सावलीत जाऊन पडली. तिची दोन पिल्लं तेवढी पोस्टमास्तरांच्या वहाणेवर तुटून पडली होती.

"नाही जमायचं," मालन म्हणाली.

"अहो, पिल्लू मी नेणार. त्याच्या आईला काय विचारायचं त्यात?"

"आमच्याकडे तशी रीत आहे."

पोस्टमास्तरांनी पिल्लाच्या तोंडातून वहाण सोडवली आणि निरोप न घेताच ते निघून गेले.

ओसरीवर मानसिंगराव दाढी करत बसला होता. मालनचा थोरला भाऊ.

"आणखी एक गेला," तो आरशातूनच म्हणाला. "चांगली चांगली माणसं येतात नि तू एकेकाला हाकलतेस. पिल्लं घोड्याएवढी झाली. उद्या तो गोदामवाला ठेकेदार येतोय, दोन्ही त्याच्या गळ्यात घालतो."

"तो साखळीला बांधून ठेवील, दादा. दिवसरात्र."

"मग आज घर शोध. मेरे बस का नहीं अब."

मालनने फाटकाची कडी लावली. आबा असते तर ठेकेदाराला त्यांनी फाटकाच्या आतही घेतलं नसतं.

आबा म्हणजे दोघांचे वडील, उदाजीराव. देवासच्या दरबारात शिकारखान्याकडची कुत्री सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला. संस्थान विलीन झालं, शिकारखाना मोडला, तेव्हा कुणी गालिचे मागितले, कुणी भांडी. आबांनी एक कारवानी जातीची शिकारी कुत्री मागून घेतली. चंद्री तिचीच लेक. पिल्लू द्यायचं म्हणजे आबा स्थळ बघावं तसे त्या घरी जाऊन येत, अंगण बघत, घरातल्या बायकांशी बोलत. शेवटी चंद्रीने त्या माणसाच्या हातचं खाल्लं, की मगच देणं. कोणतं पिल्लू, तेही आबाच ठरवत. आई म्हणायची, मालनचं स्थळ बघताना यांनी याच्या निम्मं जरी पाहिलं असतं! मालन वर्षभरात माहेरी परत आली, मुलींच्या शाळेत शिकवू लागली, आणि आईने तो विनोद बंद केला.

या वेतातली बाकीची पिल्लं आबांनी स्वतः दिली. ही दोन राहिली. फाल्गुनात आबा तापाने गेले.

दुपारी फाटकाशी टांगा थांबला. धुळीने माखलेली एक वयस्क बाई उतरली.

"उदाजीराव आहेत ना? त्यांना सांगा, धारहून जमुनाबाई आलीय. भिंत झाली म्हणावं."

मानसिंगराव पुढे आला. "आबा गेले, मावशी. फाल्गुनात."

जमुनाबाई पायरीवर बसल्या. बराच वेळ त्या पिशवीचे बंद ओढत राहिल्या.

"दिवाळीला आले होते आमच्याकडे," त्या मानसिंगरावाकडे बघत म्हणाल्या. "चहा घेतला, अंगणात फिरले अन् म्हणतात कसे, बाई, ही भिंत शेळीच्या कामाची. आमचं पोर एका उडीत मांडूला पोचेल. मला असा राग आला भिया, हमारे ही घर का चाय पीके! पण घेतली वर भिंत. आमचे हे म्हणाले, कुत्र्याचा पत्ता नाही अन् भिंत कसली घालतेस. सगळी गल्ली हसली."

मालनने आतून भाकरी आणली. जमुनाबाई न सांगता जमिनीवर बसल्या. चंद्री आली, तिने हुंगलं, आणि मान वळवली.

"नाही जमायचं," मालन म्हणाली.

"म्हणजे? भिंत काय परत उतरवू?"

"आबांची रीत आहे, मावशी."

"मला ठाऊक आहे. त्यांनीच सांगितली होती." जमुनाबाईंनी तुकडा मालनपुढे केला. "घे, तू दे. तू तर घरची. तुझ्या हातचं खाऊ दे, मी उठून चालू लागते."

मालन रोज दोन्ही वेळा चंद्रीच्या थाळीत कालवून ठेवी आणि शाळेच्या कामाला लागे. हाताने भरवणं हे आबांचं काम होतं. ती खाली बसली. चंद्रीने तिची बोटं हुंगली, क्षणभर थांबली आणि पोस्टमास्तरांपासून फिरवली होती तशीच मान फिरवून घेतली.

मालनचा हात तसाच पुढे राहिला.

"आबा गेल्यावर मीही देऊन पाहिलं होतं," ओसरीवरून मानसिंगराव हळू आवाजात म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"तू ऐकण्यासारखी होतीस का?"

एवढी माणसं या अंगणातून परत गेली होती, आणि खोट त्यांच्यातल्या एकातही नव्हती.

"पाणी देतेस का गं?" जमुनाबाई म्हणाल्या. "इंदूरला मोटार बदलली तेव्हापासून घसा कोरडा आहे."

मालनने पाणी आणलं. त्यांचं पिऊन होईपर्यंत ती उभी राहिली.

"दुपारचं घरी कोण असतं?" तिने विचारलं.

"मी. अन् हे, पेन्शनीत."

"बांधून ठेवणार?"

"बांधायचं असतं तर भिंत कशाला घातली असती?"

"नाहीच झेपलं तर?"

जमुनाबाईंनी रिकामं भांडं खाली ठेवलं.

"तर दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही," मालन म्हणाली. "इथं आणून सोडायचं. कितीही वर्षांनी."

"आणीन. कोणतं नेऊ?"

बदामी रंगाचं पिल्लू दांडगं होतं. ते आता टांग्याच्या चाकाशी भांडत होतं. सावळं शांत होतं. मालन वह्या तपासायला बसली, की ते तिच्या मांडीवर येऊन झोपायचं.

"घरात तुम्ही दोघं वयस्क. तो दांडगा दमवील तुम्हाला," मालन म्हणाली. "हा न्या."

तिने सावळं पिल्लू उचलून त्यांच्या ओटीत दिलं. मानसिंगरावाने तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या नखांकडे.

"ठेकेदाराला मी नाही म्हणून सांगतो," तो म्हणाला. "हा दांडगा राहू दे इथंच. आपल्याला कुठं दम लागतो?"

टांगा निघाला. जमुनाबाईंच्या पदरातून पिल्लाचं डोकं बाहेर आलं होतं. पिल्लू जायच्या वेळी आबा चंद्रीला मागच्या खोलीत नेऊन बसवत. ते आज कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. चंद्री सावलीतून उठली, उघड्या फाटकातून बाहेर गेली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. टेकडीच्या वळणावर टांगा दिसेनासा झाला तरी ती हलली नाही.

तिला आत आणायला म्हणून मालन अनवाणीच बाहेर गेली. रस्ता तापला होता. तिने हाक मारली नाही. पदर डोक्यावर घेतला, आणि आपली सावली चंद्रीवर पडेल अशी थोडी सरकून ती शेजारी उभी राहिली.