गाठीचा दहावा

हट्ट्याच्या मंजुळाबाईंच्या लिव्हरमध्ये लिंबाएवढी गाठ निघाली, तेव्हा घरच्यांनी मोठ्या ऑपरेशनची तयारी केली. धाकटे दीर अमृतराव तर अंथरूण-पांघरूण घेऊन नांदेडला मुक्कामालाच आले. पण डॉक्टर रत्नपाल म्हणाले, "पोट उघडायची गरज नाही. बरगड्यांमधून एक लांब सुई गाठीपर्यंत न्यायची, मायक्रोवेव्हच्या उष्णतेनं गाठ जागच्या जागी जाळायची, आणि सुई काढून घ्यायची."

तसंच झालं. दुसऱ्या दिवशी मंजुळाबाई घरी परतल्या. बरगडीजवळ एक बारकी पट्टी, थोडी कणकण, खांद्यात कळ. भेटायला आलेल्या बाया पट्टी बघून हिरमुसल्या. एकीनं तर पाठही तपासली.

अमृतरावांना हे पटेना. त्यांच्या पित्ताशयातले खडे दवाखान्यानं बाटलीत भरून दिले होते आणि ती बाटली पाहुण्यांना दाखवल्याशिवाय ते चहा देत नसत.

"वहिनी, तुमची गाठ कुठंय?"

"जाळली न्हवं का."

"कुठं जाळली?"

"हितंच." मंजुळाबाईंनी पोटावर हात ठेवला.

अमृतरावांनी कपबशी खाली ठेवली. "म्हंजी दहन झालं. अन् घरात देवपूजा चालूच हाय?"

"गाठ व्हती ती, माणूस न्हाई," थोरले भाऊ, म्हणजे मंजुळाबाईंचे नवरे माणिकराव म्हणाले.

"वहिनीच्या रक्तामासाची व्हती का न्हाई, दादा?"

"व्हती."

"मग आपल्या घरचीच की."

माणिकराव मुळात कमी बोलणारे. त्यांनी देवघराचा पडदा ओढला आणि घरात सुतक लागलं. गाठ निघाल्यापासून त्या घरात कुणी मोकळं रडलं नव्हतं, कारण रडणं अपशकुनी दिसलं असतं. आता सून साधना चुलीपुढं बसून पोटभर रडली, आणि तिला कुणी गप्प केलं नाही.

संध्याकाळी भावकी जमली. गाठ बाई का बाप्या, यावरच अडलं. गाठ म्हटलं की ती, ट्यूमर म्हटलं की तो.

"रिपोर्टात ट्यूमर लिवलंय," एक जण म्हणाला.

"घरात आपण गाठच म्हणून राहिलो," अमृतराव म्हणाले. "घरात जे नाव, तेच खरं."

मग ती माहेरची का सासरची, हा घोळ निघाला. साधनानं डॉक्टरांना फोन लावला. "सर, गाठ किती जुनी असंल?"

"वर्षभराची. फार तर दोन."

"सासरची," अमृतरावांनी निकाल दिला. "राख कुठंय ते इचार."

साधनानं तेही विचारलं. डॉक्टर म्हणाले, "मेलेला भाग आतच राहतो. हळूहळू आकसत जातो."

"त्यांना पाण्यात नेलं तर चालंल का?"

"टोचलेली जागा नीट भरली की आंघोळीला काहीच हरकत नाही."

विसर्जनाला डॉक्टरांची परवानगी मिळाली, असं गावभर झालं.

दहाव्याला सगळे पूर्णेच्या काठी गेले. अमृतरावांनी डोकं भादरलं. गुरुजींनी मयताचं नाव विचारलं, तर सगळे मंजुळाबाईंकडं बघायला लागले.

"नाव न्हाई ठेवलं," त्या ओशाळून म्हणाल्या.

राख त्यांच्या आत, म्हणून विसर्जन त्यांचंच करायचं ठरलं. माणिकराव त्यांचा हात धरून गुडघाभर पाण्यात उतरले. मंजुळाबाईंनी डुबी मारली. माणिकरावांनी मनगट घट्ट धरून ठेवलं.

"दादा, हात सोडा! इसर्जनात सोडावं लागतंय!" अमृतराव काठावरून ओरडले.

"न्हाई सोडत."

"रीत हाय ती!"

"असू दे. न्हाई सोडत."

माणिकरावांनी धाकट्याचं ऐकलं नाही असं त्या घरात पहिल्यांदाच घडलं. अमृतराव काठावर खाली बसले.

नंतर पिंड ठेवला. बाभळीवर कावळे चांगले गच्च बसले होते, पण एकही खाली येईना. ऊन चढलं. इच्छा राहिली असणार, असं गुरुजी म्हणाले. अमृतराव हात जोडून पुढं झाले आणि सवयीनं बोलून गेले, "काळजी करू नको माय, तुझ्या लेकराबाळांना आमी संबाळू."

एकदम गलका झाला.

"लेकरं काहून काढली तिची!" साधना किंचाळली. "शब्द माघारी घ्या आधी!"

"न्हाईत! लेकरं न्हाईत तिला!" अमृतराव कावळ्यांकडं तोंड करून ओरडले. घामानं डोकं चकाकत होतं. "एकटीच व्हती ती! निपुत्रिक व्हती!"

मंजुळाबाई ओल्या लुगड्यानं पिंडापुढं येऊन बसल्या. "तुझं आता काय ऱ्हायलं गं?" त्या शांतपणे म्हणाल्या. "न इचारता आलीस. माझ्याच घरात राहिलीस, माझंच खाल्लंस. मला घास जाईना, तुझं मात्र बराबर चाललं. मी काय तुला बोलले का कधी? मग आता काहून अडून बसलीस?"

कावळे हलले नाहीत. मंजुळाबाईंनी भाताकडं पाहिलं. तीळ टाकलेला, वर दही. त्यांनी पिंडाचा एक घास मोडला आणि तोंडात घातला. मग दुसरा. गुरुजी मंत्र विसरले.

"वहिनी! पिंड हाय त्यो!"

"भूक लागली," मंजुळाबाई म्हणाल्या. स्वतःलाच नवल वाटल्यासारख्या म्हणाल्या आणि पान पुसून घेतलं.

अमृतरावांनी मनात हिशेब मांडला. गाठ वहिनीच्याच रक्तामासाची, तर तिची इच्छा वहिनीच्याच तोंडून फिटणार. "शिवला," त्यांनी शेवटी जाहीर केलं. गुरुजींनी घाईनं सामान आवरलं.

महिन्यानंतर नांदेडला पुन्हा स्कॅन झालं. डॉक्टर रत्नपालांनी पडद्यावरचा काळा डाग दाखवला. "पूर्ण मेलेली आहे. नवीन काही नाही. पण सुरुवातीला दर तीन महिन्यांनी यायचं, चुकवायचं नाही."

माणिकरावांनी डोळे पुसले. अमृतराव मात्र एकदम सावरून बसले. आतापर्यंत त्यांचा या डॉक्टरवर विश्वास नव्हता.

"दर तीन महिन्याला?" त्यांनी विचारलं. "अन् वर्षाचं?"

"वर्षानंतर सगळं नीट असेल तर अंतर वाढवू."

"बराबर," अमृतराव म्हणाले. "रीतभात कळती तुमाला." आणि उठून त्यांनी डॉक्टरांच्या पायाला हात लावला.

डॉक्टरांनी मंजुळाबाईंकडं पाहिलं.

"नमस्कार घ्या," त्या म्हणाल्या. "घरी गेल्यावर मी समजून सांगते."